दशम्या खाणारी तट्टं आणि राज्यसीमेवरचं कुंपण

रेवा_बाल्टिमोर
मे अखेरच्या लाँग वीकेंडला आम्ही चौघं असाटीग बेटावर तंबू ठोकून राहिलो. बाल्टिमोरहून चेसापीकवरचा तो लांबलचक पूल ओलांडून जावं लागतं, ट्रॅफिकची कृपा असेल तर तीन तास. बेट म्हणजे वाळूची एक पट्टी. लांबी साठेक किलोमीटर, वरचा मोठा भाग मेरीलँडमध्ये, खालचा व्हर्जिनियात. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी, मधे वाळूच्या टेकड्या, बुटकी पाइनची झाडं आणि खारं गवत. आणि या सगळ्यात मोकळे हिंडणारे घोडे.

पहाटे साडेपाचला तंबूबाहेर खडखडाट. नवरा झोपेतच म्हणाला, शेजारचे असतील. मी चेन वीतभर उघडून बघते तर एक तपकिरी-पांढरी घोडी, तिच्यामागे काटकुळ्या पायांचं शिंगरू आणि आडवा पडलेला आमचा आइसबॉक्स. आदल्या रात्री जागून केलेल्या बावीस दशम्या होत्या त्यात. घोडीने डब्याचं झाकण पाडलं आणि शांतपणे, अगदी पंगतीला बसल्यासारख्या, एकेक करून खाल्ल्या. शेंगदाण्याची चटणी मात्र हुंगून सोडून दिली. माझा धाकटा तंबूतून कुजबुजला, "आई, तिला तिखट चालत नाही."

चूक शंभर टक्के आमची. खाणं गाडीत बंद ठेवा, घोड्यांपासून किमान ४० फूट लांब राहा, अशा पाट्या जागोजागी आहेत. रेंजर बाईंनी नंतर आम्हाला चांगलंच ऐकवलं.

थोरल्याचा प्रश्न वेगळा होता: "सगळ्याच घोड्या प्रेग्नंट आहेत का?" कारण प्रत्येकीचं पोट तट्ट फुगलेलं. नर घोड्यांचंही! रेंजरने सांगितलं की यांचं मुख्य खाणं खाडीकाठचं खारं गवत. मिठामुळे ही जनावरं साध्या घोड्याच्या दुप्पट पाणी पितात, म्हणून ती नगाऱ्यासारखी दिसतात.

उंची कमी, १२-१३ 'हँड', म्हणजे खांद्यापर्यंत पन्नासेक इंच. दुपारी माश्या आणि डासांनी जीव नकोसा झाला की अख्खा कळप समुद्रावर येतो आणि लाटांत पाय बुडवून उभा राहतो. माणसं छत्र्या लावून बसलेली, मधून घोडे चाललेले. जुहूला घोडे पाहिले होते, पण त्यांच्या पाठीवर खोगीर होतं आणि शेजारी पैसे मोजणारा माणूस.

आता मुद्द्याचं. हे घोडे जंगली म्हणायचे का? रेंजर म्हणाली, आमच्या बाजूचे नॅशनल पार्क सर्व्हिसचे. शेजारच्या तंबूतले आजोबा म्हणाले, पलीकडचे तर फायर ब्रिगेडचे! मला वाटलं गंमत करतायत. कुणाला माहीत आहे का?

पमाकाकू
रेवा, हसून हसून पुरेवाट. बावीस दशम्या! आमच्या माथेरानच्या खेपेत माकडाने भेळ पळवली होती, पण ते माकड. घोड्याने पंगत मांडल्याचं पहिल्यांदाच ऐकतेय. फोटो टाक ना गं.

ओंकार_रिचमंड
आजोबांनी गंमत केली नाही :) मी चार वर्षांपूर्वी जुलैत व्हर्जिनियाच्या बाजूला गेलो होतो, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. जरा लांबलचक लिहितो.

दोन राज्यांच्या सीमेवर बेटाच्या आरपार कुंपण आहे. घोडे एकाच रक्ताचे, पण कुंपणाच्या वरचे 'असाटीग हॉर्स' आणि खालचे 'शिंकोटीग पोनी'. वरचे केंद्र सरकारचे. खालचे शिंकोटीग नावाच्या शेजारच्या छोट्या बेटावरच्या गावाच्या, नेमकं सांगायचं तर तिथल्या स्वयंसेवी अग्निशामक दलाच्या मालकीचे. ज्या जमिनीवर ते चरतात ती पक्ष्यांसाठी राखलेलं अभयारण्य, १९४३ साली झालेलं. दलाला तिथे चराईचा परवाना आहे आणि मोठ्या घोड्यांची संख्या १५० च्या वर जाऊ द्यायची नाही अशी अट.

१९२० च्या दशकात गावात मोठ्या आगी लागल्या, विझवायला धड साधनं नव्हती. १९२४ ला दल उभं राहिलं, पण पंप घ्यायला पैसे कुठून आणणार? घोडे गोळा करून कोंडायची, ज्याला तिकडे 'पोनी पेनिंग' म्हणतात, ती प्रथा आधीपासून होतीच, तिचं लिखित वर्णन १८३५ चं सापडतं. १९२५ पासून दलाने ती हातात घेतली आणि शिंगरं विकून बंब घेतले. ते आजतागायत चालू आहे.

जुलैच्या शेवटच्या बुधवारी घोडे खाडी पोहून शिंकोटीगला येतात. त्याआधीच्या शनिवार-रविवारी दलाचे लोक घोड्यांवर बसून कळप हाकून आणतात. त्यांना 'सॉल्टवॉटर काउबॉय' म्हणतात, खाऱ्या पाण्यातले गुराखी. गुरुवारी शिंगरांचा लिलाव, शुक्रवारी मोठे घोडे पोहत परत.

आम्ही पहाटे चार वाजता जाऊन चिखलात उभे राहिलो. पोटरीपर्यंत चिखल, वर डास, आजूबाजूला हजारो माणसं, खांद्यावर पोरं. नक्की वेळ कुणी सांगत नाही, भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेव्हाच घोडे सोडतात. पाच तास थांबलो. मग तटरक्षक दलाच्या बोटीवरून लाल धुराचा फवारा उडाला आणि पलीकडच्या काठावरून घोडे पाण्यात शिरले. फक्त डोकी दिसतात हो, शंभर-दीडशे डोकी, आणि फुरफुरण्याचा आवाज. आईच्या शेपटीला चिकटून शिंगरं. पाच-सात मिनिटांत संपलं. माझ्या शेजारची बाई रडत होती, मलाही काहीतरी होत होतं, पण ते चिखलामुळे असं बायकोला सांगितलं.

पहिलं जे शिंगरू काठाला लागतं त्याला 'किंग नेपच्यून' किंवा 'क्वीन नेपच्यून' म्हणतात आणि ते सोडतीत कुणाला तरी मिळतं.

शंकेखोर
छान वर्णन. पण भावनेत वाहून न जाता विचारतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला पोहवत आणायचं, आईपासून तोडून लिलावात उभं करायचं आणि वर त्याला परंपरा म्हणायचं. बैलगाडा शर्यतीवर इथे चारशे प्रतिसाद झाले होते तेव्हा हेच शब्द ऐकले होते. अमेरिकेत झालं की गोड?

ओंकार_रिचमंड
@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. तिथेही विचारला जातो. उत्तरादाखल दोन गोष्टी. अगदी लहान शिंगरं लिलावात विकली गेली तरी लगेच देत नाहीत, ती आईबरोबर बेटावर परत जातात आणि मालकाने शरद ऋतूत येऊन न्यायची. दुसरं, दरवर्षी काही शिंगरं 'बायबॅक' असतात: घेणारा पैसे भरतो, नाव ठेवतो आणि शिंगरू कायमचं बेटावर सोडून देतो. त्यांच्या बोली बऱ्याचदा सगळ्यात वर जातात. कळपाच्या औषधपाण्याचा खर्च याच पैशांतून होतो. वर्षातून दोन-तीनदा पशुवैद्य सगळ्यांना तपासतात, लसी देतात.

२०२० आणि २०२१ ला कोविडमुळे पोहणं रद्द झालं, पण लिलाव ऑनलाइन झाला. त्यावरून पैशाचं महत्त्व लक्षात यावं.

तापीकाठ
राम राम मंडळी. मी नंदुरबारकडचा, घरात तीन पिढ्या घोडी आहेत. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा कधी चुकवली नाही. म्हणून या धाग्यात थोडी नाक खुपसतो.

रेवाताई, तुमची ती तपकिरी-पांढरी घोडी म्हणजे आपल्या भाषेत अबलख. मोठमोठे ठिपके असलेली. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असेल तर पंचकल्याणी. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी रंग नाही, भोवरे बघतं. भोवरा कुठे आहे त्यावर जनावर शुभ की अशुभ, आणि एका भोवऱ्यापायी लाखाचं जनावर हजारांवर येतं. यात शास्त्र किती ते देव जाणे, पण बाजार त्यावर चालतो.

शिंगराबद्दल: आमच्याकडे सहा महिने तरी आईजवळ ठेवतात. आधी तोडलं तर ते आयुष्यभर कच्चं राहतं असं म्हातारे सांगायचे. म्हणजे शंकेखोरभाऊंची शंका फुकाची नाही. पण विकणं पाप आहे असंही मला वाटत नाही. जनावर विकलं जातं म्हणून पाळलं जातं. ज्याला किंमत नाही त्याला चारा कोण घालतो?

आणि 'तट्टू' शब्दाला नावं ठेवू नका बरं. भाड्याचं तट्टू म्हणून आपण हिणवतो, पण भीमेच्या खोऱ्यातल्या तट्टांवर मराठ्यांचं घोडदळ उभं होतं. बुटकं जनावर, कमी खाणारं, डोंगरात न अडणारं. भीमथडीला देशी जात म्हणून अधिकृत मान्यता आत्ता कुठे मिळाली.

डॉ_खूर
पशुवैद्य आहे, साताऱ्याकडे नोकरी. आधी रेवाताईंना एक सांगतो, रागावू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात नको ते गेलं की पोटशूळ होतो आणि त्याने घोडा मरू शकतो. बावीस दशम्या, म्हणजे गव्हाचं पीठ, गूळ, तूप. त्या घोडीचं नशीब चांगलं म्हणायचं. ४० फुटांचा नियम तुमच्याइतकाच तिच्यासाठी आहे.

आता जंगली की नाही. शास्त्राच्या भाषेत नाही. माणसाने पाळलेल्या घोड्यांची ही सुटलेली प्रजा आहे. मराठीत यासाठी अगदी चपखल शब्द आहे: मोकाट. आपण तो रस्त्यावरच्या गाईंसाठी वापरतो म्हणून त्याला वास येतो एवढंच. वाघ जंगली, गवा जंगली, हे घोडे मोकाट.

मेरीलँडने संख्या आवरायला काय केलं ते आमच्या धंद्यात फार गाजलेलं आहे. तिथे विक्री नाही. १९६८ साली त्या बाजूला अवघे २८ घोडे होते, पुढे ते दीडशेच्या वर गेले आणि गवत संपायला लागलं. खारं गवत गेलं की दलदल उघडी पडते, वाळूच्या टेकड्यांवरचं गवत गेलं की टेकडी वाऱ्याने उडते, आणि टेकडी गेली की बेटच जातं. मग जे किर्कपॅट्रिक नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घोड्यांवर गर्भनिरोधक लस वापरून पाहिली. संप्रेरकं नाहीत त्यात. डुकराच्या बीजांडाभोवतीच्या आवरणातलं प्रथिन घोडीला टोचायचं, तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि शुक्राणू बीजाला चिकटूच शकत नाहीत. घोडीला पकडायचंही नाही, लांबून बंदुकीने डार्ट मारायचा. १९९४ पासून ही पद्धत कळपभर वापरात आली. ८० ते १०० घोडे ठेवायचे असं ठरलं.

यातून एक गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नसताना समोर आली. दरवर्षी गाभण राहणं, दूध पाजणं थांबलं, तशा घोड्या जास्त जगू लागल्या. पंचविशी ओलांडलेल्या घोड्या कळपात दिसायला लागल्या, पूर्वी तो वयोगटच नव्हता. म्हणजे जन्म कमी झाले तसे मृत्यूही कमी झाले आणि संख्या उतरायला अपेक्षेपेक्षा वेळ लागला. उलट बाजूही आहे: वर्षानुवर्षं डोस घेतलेल्या घोड्या डोस बंद केल्यावरही पटकन गाभण राहत नाहीत.

शंकेखोर
@डॉ_खूर, धन्यवाद, हे माहीत नव्हतं. म्हणजे कुंपणाच्या एका बाजूला नसबंदी आणि दुसऱ्या बाजूला विक्री. 'मोकाट' तरी कसं म्हणायचं मग?

तापीकाठ
मला एक सुचतं. आमच्या लहानपणी गावात देवाला सोडलेला वळू असायचा. कुणाच्याही शेतात तोंड घालायचा, कुणी मारायचं नाही. मालक कुणी नाही, पण आजारी पडला तर गाव औषध करायचं. मेरीलँडचे घोडे मला तसे वाटतात. आणि व्हर्जिनियाचे गावकीचे. गावच्या तळ्यातल्या माशांचा लिलाव होतो ना, पैसा देवळाला, तसे.

रेवा_बाल्टिमोर
तापीकाठ दादा, क्या बात है! रेंजरला हे इंग्रजीत समजावता आलं असतं तर!

डॉ_खूर, तुमचं वाचून पोटात गोळा आला. रागवायचं काय त्यात, बरं झालं सांगितलंत. मुलांना वाचून दाखवलं. धाकटा दोन दिवस विचारतोय, ती घोडी बरी असेल ना.

खाजणवाला
मालवणकडचा माणूस, खारं गवत आणि दलदल म्हटलं की आमचं खाजणच डोळ्यांपुढे येतं. पण खाजणात घोडा? म्हैस बघितली आहे. हे घोडे त्या वाळूच्या पट्टीवर आले कसे? कुणी आणले? आणि बेटाचं खालचं वाळूचं गणित काय आहे, ते सरकतं का? आमच्याकडे देवबागला एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, दर पावसाळ्यात जीव टांगणीला.

ओंकार_रिचमंड
@खाजणवाला, आले कसे यावर तिथे प्रत्येक दुकानदाराकडे उत्तर तयार असतं: स्पॅनिश जहाज फुटलं, घोडे पोहत आले. १७५० ला 'ला गाल्गा' नावाचं स्पॅनिश जहाज असाटीगच्या किनाऱ्याला लागून फुटलं हे खरं आहे. पण तोवर आसपास इंग्रजांच्या वसाहतींना शंभरावर वर्षं झाली होती. कंटाळवाणं पण पटणारं स्पष्टीकरण असं की मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांनी सतराव्या शतकात जनावरं बेटावर नेऊन सोडली. का? जनावरांवरचा कर आणि कुंपण घालण्याची सक्ती टाळायला. चारी बाजूंनी पाणी, फुकटचं कुंपण.

खाजणवाला
कर चुकवायला! हे मात्र लगेच पटलं.

शंकेखोर
मलाही पटलं, हे लिहून ठेवा, वर्षातून एकदा होतं.

रेवा_बाल्टिमोर
थांबा, थांबा. जहाजवाल्यांनाही एक दात मिळालाय. अक्षरशः दात.

हैतीमध्ये पुएर्तो रेआल नावाचं स्पॅनिशांचं गाव होतं, १५०३ ला वसलेलं, १५७८ ला ओस पडलेलं. तिथल्या उत्खननातले प्राण्यांचे अवशेष फ्लोरिडाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात पडून होते. निकोला देल्सोल नावाचा संशोधक त्यातल्या गाईंच्या दातांचा डीएनए तपासत होता. एका दाताचं काही केल्या जुळेना. गाईचा म्हणून डब्यात ठेवलेला तो दात निघाला घोड्याचा! आणि मातृवंशाच्या डीएनएत त्याचे सगळ्यात जवळचे आजचे नातेवाईक निघाले शिंकोटीगचे पोनी. २०२२ ला हे प्रसिद्ध झालं.

आता एक दात, तोही फक्त आईकडचा वंश, त्यावरून जहाज फुटल्याचं सिद्ध होत नाही. स्पॅनिश घोडे इंग्रज वसाहतींत विकतही आले असतील. पण डब्यात चुकीच्या नावाने चारशे-साडेचारशे वर्षं पडून असलेला दात, मला ही जहाजापेक्षा भारी गोष्ट वाटते.

शंकेखोर
चारशे वर्षं डब्यात नव्हता, जमिनीत होता. डब्यात काही दशकं. बाकी मान्य.

रेवा_बाल्टिमोर
:) वर्षातून एकदा म्हणालात ना, संपलं का ते?

खाजणवाला, बेट सरकतं. आधी ते बेट म्हणून वेगळं नव्हतंच, वरच्या ओशन सिटीशी वाळूने जोडलेलं होतं. १९३३ च्या चक्रीवादळाने मधे खाच पाडली आणि माणसांनी लगेच दगडी बांध घालून ती पक्की केली, बोटींना सोय म्हणून. उत्तरेकडून येणारी वाळू त्या बांधांना अडते, त्यामुळे असाटीगचं वरचं टोक उपाशी राहतं आणि मुख्य भूमीकडे सरकत जातं.

आणखी एक. १९५० च्या दशकात या बेटावर बिल्डर आले होते. आपल्यासारखंच सगळं: प्लॉट पाडले, समुद्रदर्शनाची जाहिरात, 'बाल्टिमोर बुलेव्हार्ड' नावाचा डांबरी रस्ता. मार्च १९६२ ला तीन दिवस वादळ घोंगावलं, भरतीवर भरती चढली आणि सगळं धुऊन नेलं. त्यानंतर १९६५ ला सरकारने हा राष्ट्रीय सागरकिनारा जाहीर केला. त्या रस्त्याचे डांबराचे तुकडे आजही पायवाटेवर वाळूतून डोकावतात, आम्ही पाहिले. नवरा म्हणाला, आपल्याकडे वादळ आलं तर रस्ता जातो, प्लॉट राहतात.

पमाकाकू
मुलांना सांगायला काही गोष्ट आहे का गं या घोड्यांची? नातवंडं येताहेत पुढच्या महिन्यात.

ओंकार_रिचमंड
काकू, त्या पोनींना जगभर नाव मिळालं तेच १९४७ च्या एका मुलांच्या पुस्तकामुळे, त्यातली घोडी मिस्टी खरी होती. रेवाने लिहिलेल्या १९६२ च्या वादळात गावात पाणी शिरलं तेव्हा गाभण मिस्टीला घरातल्यांनी चक्क स्वयंपाकघरात बांधलं होतं. काही दिवसांनी तिला शिंगरू झालं, नाव ठेवलं स्टॉर्मी. बेटावरचे बरेच घोडे मात्र त्या वादळात वाहून गेले. मिस्टी १९७२ ला गेली. तिला पेंढा भरून गावच्या संग्रहालयात ठेवलंय, शेजारी स्टॉर्मीसुद्धा. नातवंडांना हा शेवटचा भाग सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझी मुलगी बघून गप्पच झाली होती.

हॅलिफॅक्सची_सई
थोडं अवांतर. आमच्याकडे कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर लांब सेबल नावाचं बेट आहे, चंद्रकोरीसारखं, तिथेही असेच घोडे आहेत, पाचशेच्या आसपास. १९६० च्या सुमारास सरकार त्यांना उचलून विकणार होतं. शाळकरी मुलांनी पंतप्रधान डीफेनबेकरना पत्रं लिहिली आणि घोड्यांना कायद्याने संरक्षण मिळालं. तिथे कुणीही हात लावत नाही. लस नाही, डॉक्टर नाही, चारा नाही. कडक हिवाळा आला की कित्येक उपाशी मरतात आणि तशीच वाळूत राहतात. शंकेखोर, खऱ्या अर्थाने सोडून दिलेलं हे असं दिसतं.

डॉ_खूर
सईताईंनी महत्त्वाचं लिहिलंय. हात न लावणं हाही एक निर्णय असतो. व्हर्जिनियाच्या कळपात १९७० च्या दशकात घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षयाचा रोग शिरला होता आणि बरीच जनावरं गेली. अलीकडे तिथे दलदलीच्या पाण्यातल्या बुरशीसारख्या जिवाणूने, छे, तो ना बुरशी ना जिवाणू, पिथियम म्हणतात त्याला, जखमेतून शिरून काही घोडे मारले. औषधोपचार, लस, सगळं करून पाहिलं त्यांनी. मालक असण्याचा तो फायदा.

आपल्याकडेही मोकाट घोडे आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आसामात दिब्रू-सैखोवाला, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांची प्रजा. तमिळनाडूत कोडियक्करईच्या अभयारण्यात समुद्राकाठी. आणि पलीकडे श्रीलंकेत जाफनाजवळच्या डेल्फ्ट बेटावर, पोर्तुगीज-डचांच्या वेळचे.

मीरा_एनजे
हा धागा रात्री एकपर्यंत वाचला. एक खटकणारी माहिती टाकते, रेवा, तुझ्या घोडीशी संबंध आहे म्हणून. मेरीलँडच्या बाजूला 'चिप' नावाने ओळखला जाणारा एक नर होता. लोकांच्या खाण्याची त्याला इतकी चटक लागली की तंबू, आइसबॉक्स, गाड्या, काही सोडेना. अडवलं तर अंगावर यायचा. शेवटी २०२२ मध्ये त्याला बेटावरून उचलून टेक्सासमधल्या प्राण्यांच्या आश्रयस्थानी पाठवलं. जन्मभर समुद्र पाहिलेला घोडा टेक्सासला. तिथे त्याचे हाल नाहीत, उलट बडदास्त आहे. पण कळप गेला तो गेलाच.

रेवा_बाल्टिमोर
मीरा, कालपासून हेच डोक्यात आहे.

आम्ही घरी येऊन हा किस्सा निदान दहा जणांना रंगवून सांगितला. मी इथेही रंगवून लिहिला, पहिला प्रतिसादच हसण्याचा आला आणि मला बरं वाटलं. त्या सकाळी घोडी खात होती तेव्हा मी तंबूतून व्हिडिओ काढत होते. टाळ्या वाजवून, भांडं बडवून तिला हाकलायला हवं होतं. तिच्याबरोबर शिंगरू होतं, म्हणजे आइसबॉक्स कसा उघडतात ते त्यानेही बघितलं. मी पार्कच्या कार्यालयाला कळवलं, तारीख, तंबूचा नंबर, घोडीचं वर्णन, व्हिडिओसकट. तिथे प्रत्येक घोड्याला आईच्या वंशावरून अक्षरं-आकड्यांचा कोड असतो, त्यावरून ते ओळखतात. बघू काय म्हणतात.

शंकेखोर
एवढं मनाला लावून घेऊ नका. कळवलंत हे बरं केलंत. शंभरातले नव्याण्णव कळवत नाहीत. (दुसऱ्यांदा सहमत. या धाग्यात काहीतरी आहे.)

पमाकाकू
आणि हसलेली मीच की. पण दशम्या आहेतच हसण्यासारख्या, काय करू.

नवखी_प्रवासी
छान माहिती. आम्ही सप्टेंबरात दीड वर्षाच्या बाळाला घेऊन जायचं म्हणतोय. कुठल्या बाजूला जावं? घोडे नक्की दिसतात का?

ओंकार_रिचमंड
@नवखी_प्रवासी, जवळून आणि मोकळे हवेत तर मेरीलँड. तिथे ते रस्त्यावर, पार्किंगमध्ये, कुठेही दिसतात, म्हणून गाडी अगदी हळू चालवा, गाडीखाली येऊनही घोडे मरतात. व्हर्जिनियात ते कुंपणाआड चरतात, लांबून दिसतात, दुर्बीण न्या. पण तिकडे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं १८६७ चं दीपगृह आहे, गाव गोंडस आहे, आणि वाटेत वॉलप्सचं नासाचं रॉकेट-तळ लागतं. एका बाजूकडून दुसरीकडे बेटावरून गाडी जात नाही, मुख्य भूमीवरून तासभर वळसा. बाळासाठी डासांची जाळी विसरू नका. खरंच विसरू नका.

रेवा_बाल्टिमोर
ऑक्टोबरची अपडेट. परवा पुन्हा गेलो, एका दिवसापुरते, तंबू नाही. पार्कवाल्यांचं उत्तर आलं होतं, नोंद घेतली, आभार, घोडी ठीक आहे. कोडही कळवला. धाकट्याने तो वहीवर लिहून ठेवलाय.

डबा गाडीच्या डिकीत कुलूपबंद. दुपारी खाडीच्या बाजूला पाच जणांचा कळप दिसला. अंगावर हिवाळ्याचे केस यायला लागलेत, टेडीसारखे दिसत होते. त्यात एक अबलख घोडी, आणि बरंच मोठं झालेलं शिंगरू, दोघंही खाली मान घालून गवत खात होती. तीच का, सांगता येत नाही. धाकट्याचं म्हणणं तीच. फोटो टाकलाय.

तापीकाठ
रेवाताई, फोटो बघितला. शिंगरू झकास आहे, हाड मजबूत. घोडीच्या कपाळावर भोवरा एक आहे की दोन? झूम केलं तर सगळं फुटतंय. पुढच्या वेळी जरा जवळून घ्या ना.

रेवा_बाल्टिमोर
दादा, ४० फूट!